पायथन ३.१० चं ३.१ होतं तेव्हा: अनेक व्हर्जनवरच्या सीआय टेस्ट लाल का होतात आणि तपासायला कुठून लागायचं

लक्षणं

तुमच्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होतात. कोड सर्व्हरवर पाठवला (पुश केलं) की सीआयच्या, म्हणजे प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, पानावर सहापैकी एक-दोन चौकटी लाल. एक चौकट म्हणजे एक जॉब: पायथनच्या एका व्हर्जनवरची टेस्टची फेरी. यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी ओळखा:

- 'व्हर्जन ३.१ सापडलं नाही' असा एरर येतो. फाइलमध्ये ३.१ कुणीच लिहिलेलं नसतं.
- एक जॉब लाल, बाकीचे करडे, 'रद्द' म्हणून पडलेले.
- सगळे जॉब दोन-तीन सेकंदांत लाल, लॉग (जॉबची नोंद) रिकामा.
- परवा हिरवं होतं, कोडची एक ओळ बदललेली नाही, आज लाल.
- टेस्ट सुरू व्हायच्या आधीच, इन्स्टॉल होताना, 'डिसट्यूटिल्स नावाचं मॉड्यूल नाही'.
- मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे पुश केलं तरच लाल.
- सगळं हिरवं, आणि गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडतच नाही. यासारखा वाईट प्रकार दुसरा नाही.

हे बिघाड मी गेली काही वर्षं दर ऑक्टोबरात दुरुस्त करतोय. ३.९ पासून पायथनचं नवं व्हर्जन दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येतं, आणि आमच्या भागात त्याच सुमाराला साखर कारखाने गळीत हंगामाच्या तयारीला लागतात. मी वजनकाट्याचा प्रोग्रॅम सांभाळतो: इंडिकेटरकडून (काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याकडून) वजन घ्यायचं, गाडीचा नंबर जोडायचा, मराठी आणि कन्नड दोन्हींत पावती छापायची. चिकोडी-अथणीकडचे उसाचे काटे, निपाणीतली तंबाखूची गोदामं, बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्र्या, असा सगळा पसारा. हंगाम सुरू झाल्यावर काटा अर्धा तास बंद राहिला तर ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर येते. म्हणून ही लाल चौकट मला कधीच किरकोळ वाटली नाही.

एकच व्हर्जन का धरत नाही, असं बरेच जण विचारतात. उद्यमबागच्या एका शॉपमध्ये काट्याचा कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर आहे. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन म्हणजे ३.८. ३.९ तिथं बसतच नाही. नव्या काट्यांवर ३.१२, ३.१३ आहे. मधली सगळी व्हर्जनंही कुठे ना कुठे आहेतच. त्यामुळे प्रत्येक बदल ३.८ ते ३.१३ अशा सहा व्हर्जनवर तपासावा लागतो. सीआयसाठी मी गिटहब ॲक्शन्स वापरतो, शब्द तिथले आहेत. गिटलॅबवर किंवा दुसरीकडे नावं बदलतील, बिघाड तेच.

खालचा क्रम फुकटच्या आणि पाच मिनिटांच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चिक कामाकडे जातो. क्रम मोडू नका. पुढच्या बहुतेक तपासण्या आधीच्या तपासणीच्या उत्तरावर उभ्या आहेत.

आधी विचारा: नेमकं कोणतं पायथन चाललं?

जॉबच्या नावात '३.८' दिसतं म्हणून आत ३.८ चाललं असं धरून चालू नका. ते नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी आहे. आत काय आहे ते झाकण काढूनच कळतं.

टेस्टच्या आधी एक छोटी पायरी घाला: पायथनचं व्हर्जन छापा आणि त्याच ओळीत 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापा, म्हणजे ते पायथन कोणत्या फोल्डरातून आलं ते दिसेल. ही पायरी कायमची ठेवा. एक सेकंद लागतो आणि पुढचे तासन्‌तास वाचतात.

आमच्या एका प्रोजेक्टात इन्स्टॉलच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी 'सुडो' (ॲडमिनच्या अधिकारानं चालवायचा शब्द) लिहिलं होतं. सुडो आला की पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचा ती यादी) बदलतो, आणि मॅट्रिक्सनं (सीआयच्या फाइलमधल्या व्हर्जनच्या यादीनं) बसवलेलं पायथन बाजूला राहून उबंटू लिनक्सचं स्वतःचं पायथन पुढे येतं. उबंटू २२.०४ मध्ये ते ३.१० असतं, २४.०४ मध्ये ३.१२. म्हणजे सहा चौकटी, सहा नावं, आणि पॅकेजं सहाही ठिकाणी एकाच पायथनमध्ये. सुडो काढा, आणि 'पिप' (पॅकेजं बसवणारं साधन) थेट न बोलावता 'पायथन डॅश एम पिप' असं बोलवा. मग ज्या पायथनवर टेस्ट चालणार, त्यातच पॅकेज जातं.

हिरव्या चौकटीलाही हाच प्रश्न विचारा. टॉक्स (अनेक व्हर्जनवर टेस्ट चालवणारं साधन) वापरत असाल तर 'स्किप मिसिंग इंटरप्रीटर्स' ही सेटिंग बघा. ती चालू असली की जे पायथन सापडत नाही ते टॉक्स वगळतो आणि बाकीच्यांच्या जोरावर रन (सगळे जॉब मिळून) हिरवा होतो. स्वतःच्या लॅपटॉपवर हे सोयीचं आहे. सीआयवर ते बंदच ठेवा. 'कंटिन्यू ऑन एरर' लावलेला जॉबही आतून मोडला तरी पूर्ण रन हिरवा दाखवतो, तेव्हा तो फक्त अजून न आलेल्या, चाचणीतल्या व्हर्जनसाठी ठेवा.

आणि लॉग वरून खाली वाचा. बहुतेक जण शेवटची ओळ कॉपी करून मला पाठवतात. शेवटची ओळ 'प्रोसेस कोड १ ने संपली' एवढंच सांगते. बिघाड पहिल्या लाल ओळीत असतो.

अवतरणचिन्हं

सीआयच्या सेटिंगची फाइल यॅमल नावाच्या मजकुराच्या पद्धतीत असते. यॅमलमध्ये ३.१० नुसतं लिहिलं की तो दशांश अपूर्णांक समजला जातो, आणि गणितात ३.१० म्हणजे ३.१. शेवटचं शून्य गळतं. मग सीआय पायथन ३.१ शोधायला जातो आणि ते काही मिळत नाही.

३.८ आणि ३.९ लिहिताना ही चूक कधीच उघड झाली नाही, कारण तिथं गळायला शून्यच नव्हतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आलं आणि वर्षानुवर्षं चाललेल्या फायली एका रात्रीत मोडल्या. माझा एक सहकारी तेव्हा डोकं धरून बसला होता, 'काल चालत होतं की!' काल यादीत ३.१० नव्हतं, एवढाच फरक.

उपाय: प्रत्येक व्हर्जन अवतरणचिन्हांत लिहा, ३.८ सुद्धा. गरज नसलेल्या ठिकाणीही लिहा, म्हणजे पुढचा माणूस वरची ओळ बघून खालची तशीच लिहील. हे पायथनपुरतं नाही. गो भाषेचं १.२० असंच १.२ होतं. रुबीचं ३.० नुसतं ३ होतं, आणि मग तीनच्या मालिकेतलं सगळ्यात नवं रुबी बसतं. तिथं एररही येत नाही, भलत्याच व्हर्जनवर टेस्ट होत राहते.

हीच चूक आपल्या कोडमध्येही लपलेली असते. व्हर्जनच्या मजकुराची पहिली तीन अक्षरं कापून तुलना केली की ३.१० चं ३.१ झालंच. मजकूर म्हणून तुलना केली तर '३.१०' हे '३.९' पेक्षा लहान ठरतं, कारण टिंबानंतर १ हा ९ च्या आधी येतो. व्हर्जनमधलं टिंब दशांशचिन्ह नाही, ते दोन वेगळ्या आकड्यांमधलं कुंपण आहे. तुलना नेहमी 'सिस डॉट व्हर्जन इन्फो' या आकड्यांच्या जोडीनं करा. रेपोत (कोडच्या साठ्यात) एकदा शोध घेऊन बघा. मला दोन ठिकाणी सापडलं, त्यातलं एक मीच लिहिलेलं.

करड्या चौकटी, रिकामे लॉग

मॅट्रिक्सला 'फेल-फास्ट' नावाची सेटिंग असते आणि ती मुळातच चालू असते. एक जॉब पडला की बाकीचे चालू जॉब रद्द होतात. बिघाड शोधत असताना ती बंद करा. फक्त ३.१३ मोडलंय की ३.१२ च्या पुढचं सगळं, हे कळल्याशिवाय पुढची तपासणी आंधळी आहे. फक्त शेवटचं लाल असेल तर नव्या व्हर्जनमधून काहीतरी काढून टाकलंय. फक्त पहिलं लाल असेल तर एखाद्या पॅकेजनं जुन्याला सोडलंय. सगळीच लाल असतील तर व्हर्जनचा संबंधच नाही, तुमचं कोड बघा.

सगळे जॉब दोन-तीन सेकंदांत पडत असतील आणि लॉगच नसेल तर कोड उघडूच नका, बिलिंगचं पान उघडा. फुकटच्या योजनेत खासगी रेपोंसाठी एका खात्याला महिन्याला मिळून २००० मिनिटं मिळतात आणि प्रत्येक जॉब पुढच्या पूर्ण मिनिटात मोजला जातो. सहा व्हर्जन गुणिले तीन ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एका पुशला अठरा जॉब, आणि विंडोज-मॅकची मिनिटं लिनक्सपेक्षा महाग. मी सहाही व्हर्जन लिनक्सवर चालवतो. विंडोजवर फक्त पहिलं आणि शेवटचं.

'लेटेस्ट' हा शब्द

कोड न बदलता लाल झालं तर रनरच्या (जॉब चालवणाऱ्या मशीनच्या) नावात 'उबंटू-लेटेस्ट' आहे का बघा. ते नाव एका जागी राहत नाही. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ते २२.०४ वरून २४.०४ वर सरकलं. २४.०४ वर पायथन ३.७ मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये २०.०४ ची इमेजच (रनरवरची तयार सिस्टिम) बंद झाली. मॅकचं 'लेटेस्ट' २०२४ मध्ये इंटेलवरून आर्म चिपवर गेलं. प्रत्येक वेळी जुन्या व्हर्जनचे जॉब आधी मोडले. इमेजचं नाव आकड्यासकट लिहा. बदल करायचाच आहे, पण तो हंगामाच्या मध्यात नको, आपल्या सोयीनं.

कॅशे

इन्स्टॉल लवकर व्हावं म्हणून पॅकेजं साठवून ठेवतो. त्या साठ्याच्या किल्लीत (साठा ज्या नावानं ओळखतात त्यात) पायथनचं व्हर्जन नसेल तर ३.११ साठी सी भाषेतून तयार झालेली फाइल ३.१२ च्या हातात येते आणि इम्पोर्ट होताना 'अनडिफाइंड सिम्बॉल' किंवा तसलंच काही येतं. किल्लीत ऑपरेटिंग सिस्टिम, पायथनचं व्हर्जन आणि पॅकेजांच्या यादीचा हॅश (यादी बदलली की बदलणारी खूण), तिन्ही हवेत. शंका असेल तर किल्लीच्या सुरुवातीचं 'व्ही १' बदलून 'व्ही २' करा, साठा आपोआप नवा होतो. सात दिवस कुणी न वापरलेला कॅशे गिटहब स्वतःच काढून टाकतो. म्हणून 'सुट्टीनंतर आपोआप बरं झालं' असंही होतं, आणि मग खरं कारण कुणी शोधतच नाही.

पॅकेजांचे आकडे

माझा निम्म्याहून जास्त वेळ इथे गेला आहे.

काटा हलत असताना वजनाचे हेलकावे गाळायला आम्ही नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) वापरतो. आमच्या यादीत एकच पक्का आकडा लिहिला होता, १.२४ च्या मालिकेतला. ३.८ ला साथ देणारी शेवटची मालिका तीच. पण ३.१२ ला साथ सुरू होते १.२६ पासून. म्हणजे ३.८ आणि ३.१२ या दोन्हींना चालेल असा नमपायचा एकही आकडा नाही. कितीही शोधा, सापडणार नाही. मग पिप काय करतो? ३.१२ साठी तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) मिळत नाही म्हणून सोर्स उतरवतो आणि जागेवर बांधायला घेतो. बांधणीच्या जुन्या स्क्रिप्टला डिसट्यूटिल्स हे पूर्वी पायथनसोबत येणारं मॉड्यूल लागतं, आणि ते ३.१२ मधून काढून टाकलेलं आहे. एरर डिसट्यूटिल्सच्या नावानं येतो, माणूस डिसट्यूटिल्स कुठून आणायचं ते शोधत बसतो. दुखणं एका जागी आणि मलम भलतीकडे.

उपाय असा. यादीत एका पॅकेजच्या लागतील तेवढ्या ओळी लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे अट घाला, उदाहरणार्थ: पायथन ३.९ पेक्षा जुनं असेल तर हा आकडा, नाहीतर तो. पिपला ही अट कळते. सीआयवर 'ओन्ली बायनरी' हा पर्याय लावा, म्हणजे व्हील नसेल तर पिप बांधायला न जाता तिथंच थांबतो आणि कोणतं पॅकेज मिळालं नाही ते सरळ सांगतो. आणि स्वतःच्या पॅकेजमध्ये 'रिक्वायर्स पायथन' (कोणत्या पायथनवर चालेल ते सांगणारी ओळ) प्रामाणिकपणे लिहा. ती ओळ चुकली तर आपलंच नवं पॅकेज विंडोज ७ वाल्या काट्यावर जाऊन बसेल आणि सकाळी सहाला फोन वाजेल.

याच प्रकारातलं एक छोटं: ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) सेटअपटूल्स हे पॅकेज बांधायचं साधन आपोआप येत नाही. तुमचं कोड किंवा एखादं जुनं पॅकेज त्यावर गुपचूप अवलंबून असेल तर ते यादीत उघड लिहा.

लाल झालेलं व्हर्जन आपल्या मशीनवर बसवून बघायची वेळ हीच. 'यूव्ही' हे साधन तयार पायथन उतरवतं, काही मिनिटांत ३.८ आणि ३.१३ शेजारी शेजारी चालतात. 'पायएन्व्ही' सोर्सपासून बांधतं, त्याला वेळ आणि कंपायलर लागतो. पुश करायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा पुश करायचं, असं खानापूर तालुक्यात पावसाळ्यात लाइन जात-येत असताना करून बघा, मग घरी बसवण्याची किंमत कळते.

आठवड्यातून एकदा आपोआप चालणारा रनही लावा, म्हणजे बाहेरचं पॅकेज बदललं तर पुश न करताही कळेल. त्याची वेळ मुळात यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) धरली जाते. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. रेपो सार्वजनिक असेल आणि ६० दिवस त्यात काहीच हालचाल नसेल तर हा रन बंद पडतो, तेवढं लक्षात ठेवा.

घड्याळ आणि लिपी

पहाटेच लाल होणाऱ्या टेस्टचं कारण हे. गिटहबचे रनर यूटीसीवर चालतात. आपल्याकडे मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत तिथं अजून कालची तारीख असते. उसाच्या गाड्या रात्रभर येतात, त्यामुळे पावतीवरची तारीख हा आमच्या टेस्टचा मुख्य भाग, आणि तीच टेस्ट लहरी ठरली होती. खरं तर ती बरोबर सांगत होती: कॉम्प्युटरचं घड्याळ चुकीच्या झोनवर असेल तर गाडी आदल्या दिवसात मोजली जाईल. 'एशिया/कोलकाता' झोन कोडमध्ये उघड लिहा. त्यासाठीचं 'झोनइन्फो' ३.९ पासून पायथनमध्ये आहे, ३.८ ला त्याचं बॅकपोर्ट (जुन्या व्हर्जनसाठीचं) पॅकेज लागतं, आणि विंडोजवर झोनची माहिती 'टीझेडडेटा' पॅकेजमधून द्यावी लागते.

विंडोजवरच लाल आणि एररमध्ये 'चारमॅप' शब्द असेल तर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगायचं राहिलंय. लिनक्सवर सहसा यूटीएफ-८ धरलं जातं, विंडोजवर मशीनचं जुनं कोडपेज, त्यात ना देवनागरी ना कन्नड. प्रत्येक 'ओपन'मध्ये यूटीएफ-८ लिहा. ३.१० पासून पायथनला अशा जागा शोधून इशारा द्यायला सांगता येतं, तो पर्याय एका जॉबमध्ये चालू ठेवा. ३.१५ मध्ये यूटीएफ-८ हाच डीफॉल्ट ठरलेला आहे, पण विंडोज ७ वरचं ३.८ तिथं कधीच पोचणार नाही. दोन लिपींच्या मुलखात हे आपल्यालाच सांभाळावं लागतं.

काढून टाकलेली मॉड्यूल

३.१० मध्ये 'कलेक्शन्स'मधली जुनी नावं गेली. ३.१२ मध्ये डिसट्यूटिल्स गेलं, युनिटटेस्टमधलं 'असर्ट इक्वल्स' गेलं. ३.१३ मध्ये तब्बल १९ मॉड्यूल गेली, त्यात टेलनेटलिब होतं. नेटवर्कवरच्या इंडिकेटरकडून वजन आम्ही त्यानंच वाचत होतो. खरं तर ३.११ पासून ते इशारा देत होतं, आम्ही लॉगमधली पिवळी ओळ वाचली नव्हती. आता सगळ्यात नव्या व्हर्जनच्या जॉबमध्ये डेप्रिकेशनचा ('हे पुढे काढणार' असा) प्रत्येक इशारा एरर म्हणून धरतो. टेलनेटलिबच्या जागी साधं सॉकेट आलं, तीस-चाळीस ओळींचं काम होतं. हंगामाच्या आधी एक दिवस पुरला असता.

स्वतःचा रनर

खरा इंडिकेटर जोडून टेस्ट करायची तर आपलं मशीन रनर म्हणून लावावं लागतं. जॉब 'रांगेत' म्हणून अडकला असेल तर आधी त्या मशीनला वीज आहे का बघा, मग रनरची सर्व्हिस चालू आहे का, मग डिस्क भरली आहे का. चोवीस तास रांगेत राहिला की जॉब आपोआप फेल होतो, आणि तो लाल रंग टेस्टबद्दल काहीच सांगत नाही. असा रनर सार्वजनिक रेपोला कधीही जोडू नका. कुणीही बाहेरून पाठवलेला कोड तुमच्या ऑफिसातल्या मशीनवर चालेल.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीच्या चुकीनं प्रोग्रॅम कोसळणं) दिसला आणि तो सीमध्ये लिहिलेल्या पॅकेजमधून येत असेल तर स्वतः पॅचेस मारत बसू नका. ते पॅकेज सांभाळणाऱ्यांना कळवा किंवा सीचं काम करणाऱ्याला द्या.

लॉगमध्ये पासवर्ड किंवा टोकन उघडं दिसलं तर टेस्टचं काम तिथंच सोडा. आधी टोकन रद्द करा, नवं काढा, आणि सुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला त्याच तासात सांगा. लॉग पुसला म्हणजे झालं असं नाही.

आणि वजनच चुकीचं येत असेल, सहाही व्हर्जनवर सारखंच चुकीचं, तर तो सीआयचा प्रश्न नाही. इंडिकेटरच्या सीलला हात लावू नका, कोडमध्ये गुणक घालून आकडा जुळवू नका. काट्याची पडताळणी वैधमापन कायद्याखाली होते. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्यालाच बोलवा. शेतकऱ्याचा ऊस त्या आकड्यावर मोजला जातो.

कुणालाही बोलवाल तेव्हा तीन गोष्टी हाताशी ठेवा: लाल जॉबचा पूर्ण लॉग, पायथनचं व्हर्जन आणि फोल्डर छापणारी ती ओळ, आणि एका लाल व एका हिरव्या जॉबमधल्या 'पिप फ्रीझ'च्या (बसलेल्या पॅकेजांच्या) याद्या शेजारी शेजारी. त्या दोन याद्यांतला फरक बघूनच आमचे अर्धे फोन पहिल्या पाच मिनिटांत संपतात.